साजिदाभाभींची कळलावी

नूर मोहम्मद यांच्या लूमच्या शेडमागे बोळाएवढी जागा उरते. ती त्यांच्या बायकोची, साजिदाभाभींची बाग. फुटबॉल लिली, पावसाळी लिली तिथे न विचारता फुलतात, म्हणून भाभींना त्यांचं फारसं कौतुक नाही. त्यांना हवी होती कळलावी. जंगलातली वेल, फुलाच्या पाकळ्या जाळासारख्या वर उठलेल्या. गणेशपुरीच्या बसने रानभाज्या विकायला येणाऱ्या सखीने कंद आणून दिले आणि वर हसली, ही काय लावायची गोष्ट हाय?

वेल आली, फुलली, दिवाळीनंतर वाळली. कंद उन्हाळाभर झोपतो, हे भाभींनी ऐकलं होतं. त्यांनी सगळे उपसले आणि लूमच्या टाकाऊ सुतात गुंडाळले. भिवंडीत काचेच्या कपापासून आंब्यापर्यंत सगळं त्यातच ठेवतात. पण विणताना तुटू नये म्हणून त्या सुताला पिठाची खळ लावलेली असते. मे महिन्याच्या दमट हवेत खळीला बुरशी धरली, मग कंदांना.

भाभींनी कुजक्या कंदांची टोपली नवऱ्यापुढे सरकवली. ते म्हणाले, "माल म्हणून पॅक केलंस. जिवंत होतं ते."

एकच कंद अर्धा बरा निघाला. कुजका भाग कापून, राख लावून भाभींनी तो जाळीच्या कुंपणाशी पुरला. रोज माती उकरून बघायची त्यांची खोड. यावेळी खुरपं त्यांनी शेजारच्या मारियाकडे ठेवायला दिलं आणि मागितलं तरी देऊ नकोस म्हणून बजावलं. दोनदा मागितलंही.

कोंब आला. पानांच्या शेंड्यांनी जाळी धरत वर चढला, श्रावणात फुलला. सखी भाजी द्यायला आली ती टोपली डोक्यावर तशीच ठेवून बघत राहिली. तिच्या पाड्याजवळच्या उतारावर आता गोदाम झालं होतं. कळलावी तिथे उरली नव्हती.

"भाभी, एक कंद दे ना."

"एकच आहे गं."

"खाली दोन झालं असतील. दर सालाला नवं धरतात."

"असतील. पण मी उकरणार नाही. माझ्या हाताचा भरवसा नाही."

"मंग?"

"वेल वाळू दे. तूच ये, तूच काढ. दोन निघाले तर एक तुझा."

"न्हाय निघालं त?"

भाभींनी जाळीवरून सुटलेला एक शेंडा परत अडकवला.

"तर तो एकच तुझ्याकडे लाव. मी बघायला येईन. बस जाते ना पाड्यापर्यंत?"

"जाते," सखी म्हणाली. "पण गर्दीत उभं ऱ्हावं लागंल."