सभासदांचे मिस्त्री

प्रामाणिक माणसं आमच्या बीड जिल्ह्यात पुष्कळ झाली असतील, आजही असतील. पण स्वतःच्या प्रामाणिकपणाचा दुसऱ्यांना इतका ताप देणारा माणूस आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री सोडले तर मी पाहिलेला नाही. मी एका सहकारी संस्थेत स्टोअरकीपर होतो. संस्थेचं काम म्हणजे माजलगावकडच्या कारखान्यांना ऊस वाहून देणं. सभासद सगळे शेतकरी, ट्रक त्यांच्या शेअरांतून घेतलेले, आणि ते दुरुस्त करायला गावाबाहेर पत्र्याचं एक वर्कशॉप. संस्था आता राहिलेली नाही, तेव्हा तिचं नाव घेऊन काही साधणार नाही. मिस्त्री तिथले मुख्य कारागीर. उंचीने बेताचे, बोलायला फटकळ, आणि कानावर कायम एक विडी, जी त्यांनी पेटवलेली कुणी पाहिली नाही.

कुठल्याही इमानी गॅरेजात गाडीचा एखादा भाग बदलला की काढलेला जुना भाग मालकाच्या हातात देतात. भाग खरंच झिजला होता, आणि नवा खरंच बसवला, एवढी त्यातून खात्री पटते. आता आमच्या ट्रकांचा मालक कोण? ऑफिसच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलं होतं, ‘सभासद हाच संस्थेचा मालक’. हे वाक्य खरं मानणारा संस्थेत एकच माणूस होता आणि तो पाना घेऊन ट्रकखाली झोपलेला असायचा. क्लचप्लेट काढली की मिस्त्री तशाच तेलकट हातांनी बाहेर येत आणि ऑफिसात कामासाठी आलेला पहिला शेतकरी गाठत. एकदा ऊसतोडीची तारीख विचारायला एक म्हातारेबाबा आले होते, लग्नाला निघाल्यासारखं पांढरंशुभ्र धोतर नेसून. मिस्त्रींनी त्यांच्या हातात ती प्लेट ठेवली.

“ही तुमची हाय. घासलीया का न्हाई ते बघून घ्या.”

“मला काय कळतंय त्यातलं?” म्हातारेबाबा म्हणाले.

“न कळू द्या. पर बघा. उद्या म्हनाल, दाखवली न्हाई.”

बाबांनी ती प्लेट उलटसुलट करून पाहिली, मान डोलावली आणि काळं झालेलं धोतर सावरत तारीख न विचारताच निघून गेले. पुढे पुढे सभासद आधी फाटकातून आत डोकावत, मिस्त्री ट्रकखाली आहेत याची खात्री करून घेत आणि मगच ऑफिसात शिरत.

डिझेलचं तर विचारूच नका. गाड्यांचं काम करणारा प्रत्येक माणूस संध्याकाळी हात डिझेलने धुतो, त्याशिवाय तेल निघत नाही. मिस्त्रींच्या मते ही चोरी होती. ते स्वतः लाकडाचा भुसा आणि माती घेऊन कोपरापर्यंत हात घासत बसत आणि ते हात तरीही काळेच राहत. पंगतीत वाढपी त्यांच्या पानाशी येऊन घुटमळत. एका फिटरने एकदा बादलीत बोटभर डिझेल घेतलं, तर मिस्त्रींनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, “काहून रं, तुझे हात धुवायला सभासदानं ऊस लावलाय का?” त्या दिवसापासून सगळं वर्कशॉप भुशाने हात धुऊ लागलं आणि मनातल्या मनात मिस्त्रींना शिव्या देऊ लागलं. मीही देत होतो. शाईच्या डागासाठी थेंबभर डिझेल मिळेना, तेव्हा मीसुद्धा दिल्या.

चोरी म्हटलं की लोकांना फडक्यात बेअरिंग लपवून नेणारा फिटर आठवतो. असे फिटर होते, नाही म्हणत नाही, आणि मिस्त्रींनी त्यांची पार दैना केली. पण मला अजून संताप येतो तो त्यांचा नाही. खरी चोरी दिवसाढवळ्या, सहीशिक्क्यानिशी, चहा पीत होते. चोराला कुणी चोर म्हणत नाही, ‘साहेब’ म्हणतात, आणि तो आला की खुर्ची पुसून देतात. ती खुर्ची मी स्वतः पुसलेली आहे.

मग दुष्काळ पडला. धरणाच्या पोटात भेगा पडल्या, ऊस संपला, आणि आमच्या ट्रकांवर लोखंडी टाक्या चढवून संस्थेने गावोगाव पाणी पुरवायचं काम घेतलं. कुठल्या गावाला किती खेपा, हे ठरवणारे एक संचालक होते. त्यांचे स्वतःचेही दोन ट्रक होते. मिस्त्री दोन दिवस कपिलधारला दर्शनाला गेले होते. परत येऊन बघतात तर एका टँकरची मागची चारही नवी टायरं गायब. त्या जागी गुळगुळीत झालेली जुनी, आणि नवी टायरं संचालकांच्या ट्रकला. मिस्त्री काही बोलायच्या आत तो टँकर पाणी घेऊन निघून गेला आणि वाटेत एका चढावर टायर फुटून आडवा झाला. पाणी रस्त्यावर सांडलं. ड्रायव्हर वाचला, पण तीन वाड्या दोन दिवस घागरी घेऊन रस्त्याकडे बघत बसल्या.

टँकर ओढून आणल्यावर मिस्त्रींनी ती जुनी टायरं उतरवून घेतली आणि ते माझ्या स्टोअरच्या खिडकीशी आले.

“भाऊसाहेब, ह्या चार टायरांचा गेटपास करा. परवा वार्षिक सभा हाय. मालकाला दाखवायचीत.”

संस्थेच्या फाटकातून खिळा जरी बाहेर न्यायचा तरी माझ्या सहीचा पास लागे. मी म्हणालो, “मिस्त्री, संचालकांना विचारल्याशिवाय मला देता येणार नाही.”

“ज्याची तकरार करायची त्यालाच इचारू?”

मी गेटपासचं पुस्तक मिटून ठेवलं. घरी तीन लेकरं होती, पाण्याचा टँकर आमच्याही गल्लीत यायचा. ते निघून गेले. सभेच्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात त्यांनी चारही टायरं बैलगाडीत घातली आणि वॉचमनला सांगितलं, “पास न्हाई. तसं लिहून ठेव.” आपणहून सांगून माल बाहेर नेणारा चोर मी तरी दुसरा पाहिला नाही.

सभा शाळेच्या मैदानावर होती. मिस्त्रींनी टायरं मंडपात ओळीने मांडली आणि म्हणाले, “ही तुमची हायेत. तुमची नवी कुठं हायेत ते त्या साहेबाला इचारा.” मंडपात शेकडो मालक बसले होते. कुणी टायरांकडे पाहिलं, कुणी वर छताकडे. एकानेही तोंड उघडलं नाही. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला, की बस्स. पण उद्या आपल्या गावाची खेप कापली गेली तर काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या घशाशी होता, आणि घसे आधीच कोरडे होते. अध्यक्षांनी चौकशीचं आश्वासन दिलं.

चौकशी झाली, मिस्त्रींची. संस्थेचा माल विनापास बाहेर नेला, असा आरोप. मला बोलावून एकच प्रश्न विचारला, “तुम्ही पास दिला होता का?” मी म्हणालो, “नाही.” पुढे कुणी काही विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. मिस्त्रींपुढे कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला, “पास नव्हता हे खरं हाय,” म्हणाले आणि सही केली. चोरीच्या ठपक्यावर त्यांना काढून टाकलं. ज्या माणसाने संस्थेच्या डिझेलने हात धुतले नाहीत, तो चोर.

पुढे त्यांनी बीडजवळच्या पाली गावाशी रस्त्याच्या कडेला छप्पर घालून मोटारसायकली दुरुस्त करायला सुरुवात केली. माझी त्यांच्याकडे जायची छाती व्हायला काही वर्षं गेली. गेलो तेव्हा त्यांनी बसायला बाकडं पुढे केलं, चहा मागवला, पाऊसपाण्याचं विचारलं. मीच शेवटी विषय काढला. म्हणालो, “मिस्त्री, मी चौकशीत खोटं बोललो नव्हतो.”

“न्हाईच बोललात,” ते म्हणाले. “तुमी पास दिला न्हवता. मी मागितला व्हता, तेवढं सांगायचं राह्यलं तुमचं.” मग कपाला बशी लावत सावकाश म्हणाले, “पोरीच्या सासरी लई दिवस इचारायचे, तुझ्या बापानं काय चोरलं म्हनून. आता इचारत न्हाईत.”

मी कप खाली ठेवला. त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा निवतोय म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री वारले. मी उशिरा पोहोचलो. त्यांच्या मुलीला भेटलो, दोन शब्द बोललो, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि तिथेही माझं सांगायचं राहून गेलं. ती वाचते, असं ऐकलं आहे. म्हणून इथे लिहितो: बाई, तुमच्या वडिलांनी पास मागितला होता. माझ्या खिडकीशी उभं राहून, माझ्याकडे मागितला होता. मी दिला नाही.