शेपटीला धरलेले उंदीर

आमचा गुणाजी परब कुडाळचा. जेद्दाच्या बंदरावर तो अकरा वर्षं जहाजांतले उंदीर मारतोय. कामगारांच्या कॅम्पात आम्ही एकाच खोलीत राहणारे, एका ताटात जेवणारे. नव्या माणसांना काम हाच शिकवायचा, तेही त्यांची झोप उडवून. म्हणायचा, सातशे वर्षांपूर्वी प्लेग असाच जहाजांतून बंदराबंदरांत उतरला. खलाशी आजार लपवून किनाऱ्याला लागले आणि गावंच्या गावं ओस पडली. मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा उबदार अंग शोधतात. म्हणून आधी पावडर टाकायची, तासभर थांबायचं, मग चिमट्याने उचलायचं.

आणि याच शहाण्याने त्या सोमवारी, कप्तान घाई करतो म्हणून, तीन मेलेले उंदीर शेपटीला धरून उचलले!

गुरुवारी त्याला ताप भरला. जांघेत लिंबाएवढी गाठ आली. प्लेगची गाठ अशीच येते, हे त्यानेच आम्हाला शिकवलेलं. सकाळी आम्ही एकाच कपातून चहा प्यायलो होतो.

“कोणाक सांगू नको हां, पंकज. उद्याचा विमान आसा. घराक गेलंय काय डॉक्टराक दाखवीन.”

इथे कळलं तर अडकवून ठेवतील, दोन वर्षांनी मिळालेली सुट्टी जाईल, ही त्याची भीती. मला मरणाची भीती वाटत होती, तरी मी गप्प बसलो.

तेवढ्यात त्याच्या बायकोचा, शर्मिलाचा फोन आला. “सुरुची म्हणता, उद्या बाबांच्या कुशीतच झोपतलंय!”

गुणाजीने फोन ठेवला. अर्धी भरलेली बॅग बाजूला सारली.

“चल हॉस्पिटलात,” तो म्हणाला. “त्या खलाशांका मी अकरा वर्षां शिव्या घालतंय.”

डॉक्टर अमिता माझ्यासारख्याच साताऱ्याच्या. मास्क चढवून त्यांनी त्याला वेगळ्या खोलीत घेतलं. “जवळ कोण कोण आलं होतं?” त्यांनी विचारलं. दाराबाहेर मला ऐकू आलं, गुणाजीने पहिलं नाव माझंच सांगितलं.

मी सरळ चालायला लागलो. गेटबाहेर टॅक्सीला हात केला. टॅक्सी थांबली, म्हातारा ड्रायव्हर हसून म्हणाला, “यल्ला!” म्हणजे चल, बस. त्याला माझ्यापासून लागण झाली तर, म्हणून त्याच्या शेजारी बसायचा मला धीर होईना. दाराला लावलेला हात मी काढून घेतला आणि मागे फिरलो.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ तळपायात घुसलेल्या खिळ्याच्या जखमेमुळे आली होती, प्लेग नव्हता. विमान मात्र कधीच गेलं होतं.

“बरा झाला,” गुणाजी खाटेवरून म्हणाला. “तू तरी पळूक नाय.”

मी मान डोलावली. त्याच्या नजरेला नजर देणं मात्र मला जमलं नाही.