पेटीचं बटण

मयूर परब विमा कंपनीत क्लेम तपासतो. म्हणजे लोक खरं बोलतायत की खोटं, हे ठरवण्याचा पगार घेतो. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत बसून तो ओल्या भिंती, चोरीला गेलेल्या स्कूटर आणि आपोआप जळलेले फ्रिज यांच्या कहाण्या वाचतो. त्याच आवारात पूर्वी कापडगिरणी होती आणि तिथे त्याचे वडील साचे, म्हणजे माग, चालवत. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त तपशील देतो, हे त्याने कंपनीतल्या नव्या भरतीला कितीदा तरी शिकवलं आहे. स्वतःच्या बापाशी बोलताना मात्र ते त्याला आठवलं नाही.

वडील म्हणजे लवू परब, डिलाईल रोडवरचे लवूबुवा. मिल गेली, मग चाळ गेली, चाळीच्या जागी टॉवर आला. बुवांचं भजन तेवढं राहिलं. नव्या घरात हॉलची एकच भिंत अशी होती की जिला दार नाही, खिडकी नाही आणि टीव्हीही नाही. तिथे चौरंगावर, लाल कापडाखाली बुवांची पेटी असे. रोज आंघोळ झाली की बुवा कापड काढत, पेटीला हात लावून तो कपाळाला लावत, एक अभंग म्हणत आणि पेटी मिटत. कुणी वाहवा करत नसे, कुणी तक्रारही करत नसे. चहाला उकळी येते तसा तो आवाज घरात होत असे.

मयूरची मुलगी मनू पियानो शिकायला लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला. दादरच्या तिच्या बाईंनी घरचा छोटा कीबोर्ड पाहिला आणि एखाद्या डॉक्टरने एक्स-रे पाहावा तसा चेहरा केला. "यावर बोटं बिघडतात. डिजिटल पियानो घ्या. पूर्ण लांबीचा, खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा. नाहीतर क्लास बंद करा, माझा वेळ वाचेल."

मयूरची बायको अक्षदा व्यवहारी. "घेऊ या," ती म्हणाली, "पण एवढं धूड एकट्या पोरीसाठी नको. घरात सगळ्यांच्या उपयोगाचं पाहिजे. मी पण वाजवेन. बाबा पण वाजवतील."

"मी काय वाजवतलंय?" बुवा म्हणाले, पण दुकानात जायच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी चपला घालून उभे राहिले.

दुकानात शेवटी दोनच वाद्यं उरली. एक आखूड, हलकं, बटणांनी भरलेलं. त्यात तबला, तानपुरा, सतार, पेटी, आणि का कोण जाणे, घोड्याच्या टापा. दुसरं लांबलचक, काळं, गंभीर. त्यात पियानोचे चार प्रकार आणि चर्चमधला ऑर्गन, बस. नम्रता नावाची विक्रेती दोन्हींबद्दल सारख्याच प्रेमाने बोलत होती. मनूने दोन्ही वाजवून पाहिली आणि लांब वाद्यापासून हलायला नकार दिला. अक्षदाने टेप काढून लांबी मोजली आणि हॉलमधली ती एकच भिंत मनात आणली. मयूरनेही आणली. तिथला चौरंगही त्याला दिसला.

बुवा तोवर आखूड वाद्यापुढे बसले होते. नम्रताने पेटीचं बटण दाबून दिलं. बुवांचा उजवा हात पट्ट्यांवर फिरला आणि डावा वाद्याच्या मागे गेला. तिथे काही सापडेना, तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं.

"आजोबा, याला भाता नसतो," नम्रता हसली. "हवा भरावी लागत नाही."

"मगे डाव्या हाताक काम काय?"

"डाव्या हाताने कॉर्ड वाजवायचे, आजोबा!" मनू तिकडून ओरडली.

बुवा उठले, मोठ्या पियानोपाशी आले आणि मयूरला म्हणाले, "ह्या मोठ्यात आसा मां पेटी?"

आता, मयूरने 'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. 'बाबा, यात पेटी नाही आणि तुमचा चौरंगही हलवावा लागेल' असं म्हटलं असतं, तर बुवा तत्काळ 'हो' म्हणाले असते. अडचण तीच होती. मयूरला बापाचं ते हो ऐकायचं नव्हतं. गिरणी बंद पडली तेव्हाही बुवा 'हो' म्हणाले होते, चाळीतली खोली सोडतानाही म्हणाले होते. त्यांच्या हो म्हणण्यात कुरकुर नसे, आणि कुरकुर नसल्यामुळे समोरच्याला पुढे आयुष्यभर स्वतःच कुरकुरत बसावं लागे.

"आहे ना," मयूर म्हणाला. "उजवीकडचं बटण धरून ठेवायचं आणि त्याच वेळी खालची पट्टी दाबायची. मेमरीत असतं ते. आणि यातली पेटी जास्त चांगली आहे बाबा, स्टीरिओ आहे."

अक्षदाने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग टेप गुंडाळण्यात मन घातलं. मयूर बिलाच्या काउंटरवर गेला. तिथून त्याने एकदा मागे वळून पाहिलं, तर बुवा पियानोवर वाकून नम्रताशी काहीतरी बोलत होते आणि ती मान हलवत होती. तो परत आला तेव्हा बुवा हात मागे बांधून उभे होते.

"घे," ते म्हणाले.

पियानो घरी यायच्या आधीच बुवांनी विषय काढला. "पेटी गावाक धाडूया. देवळातल्या मंडळाची पार मोडलेली आसा. हय काय, आता पियानोत आसाच."

बोलायची वेळ ती होती. मयूर दोरी शोधायला गेला. पेटी त्यानेच जुन्या गोधडीत गुंडाळली, त्यानेच लिफ्टने खाली नेली आणि परळला गावच्या गाडीच्या डिकीत त्यानेच ठेवली. ठेवताना भाता जरासा दबला असावा. आतून एक बारीक, लांब सूर निघाला. "आत काय जिवंत नाही ना?" क्लिनरने विचारलं. मयूर नाही म्हणाला.

पियानो आला, भिंतीला लागला, आणि मापात अगदी फिट बसला. मनू कानाला हेडफोन लावून सराव करी. तिच्या कानात काय चाललंय ते तिलाच ठाऊक. घराला ऐकू येई तो फक्त पट्ट्यांचा धपधप आवाज.

"पोरगी टायपिंग शिकता काय?" बुवांनी एकदा विचारलं.

"हेडफोन आहे ना बाबा, म्हणून. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"माका? माका कसलो त्रास?"

पेटीचं बटण दाखव, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. आंघोळ झाली की ते हॉलमध्ये येत, पियानोला हात लावून कपाळाला लावत आणि पेपर घेऊन खिडकीपाशी बसत. अभंग नाही, काही नाही. मयूरने यावर उपाय काढला. तो ऑफिसला लवकर निघू लागला. साहेबांनी त्याचं कौतुक केलं.

"सांगून टाक ना त्यांना," अक्षदा म्हणाली.

"काय सांगू?"

"जे आहे ते."

"ते 'बरं' म्हणतील."

"मग?"

"तेच तर."

एकादशीच्या आधीच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात गणपतकाका पखवाज घेऊन, आणि मागे भजनी मंडळातले आणखी तिघे, झांजा घेऊन. सोसायटीच्या हॉलमध्ये कुणाचं तरी बारसं होतं, म्हणून बुवांनी सरावाला सगळ्यांना घरीच बोलावलं होतं.

"येवा येवा," बुवा म्हणाले. "माझ्या झिलान, मयूरान, पेटीवालो पियानो हाडल्यान, तो बघा."

मंडळी पियानोभोवती बसली. कुणी पट्टीवर हळूच बोट ठेवून पाहिलं. मनूने हेडफोन काढून दिले. "मयूर, लाव रे पेटी," बुवा म्हणाले.

पळून जायला त्या घरात गॅलरीसुद्धा नव्हती. मयूरने उजवीकडचं बटण धरलं, खालची पट्टी दाबली, आणि पेटीच्या त्यातल्या त्यात जवळचं म्हणून ऑर्गन लावला. बुवांनी सूर दाबला. डिलाईल रोडवर भर आषाढात नाताळ आला. पखवाजावर थाप मारायला उचललेला गणपतकाकांचा हात हवेतच राहिला.

"बुवा, ह्यां काय? कोणाच्या तरी मयताक इल्यासारखा वाटता."

"नवीन पेटी अशीच वाजता," बुवा शांतपणे म्हणाले. "तुमचेच कान जुने झाले. धरा ठेको."

आणि त्यांनी पूर्ण अभंग म्हटला. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मांडीवर पालथा. ऑर्गनचा सूर एकदा सुटला की मागे हटेना. बुवा सम गाठायचे आणि तो मागून एखाद्या पाहुण्यासारखा रेंगाळत यायचा. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं मयूरला वाटत राहिलं. चहा झाला. निघताना गणपतकाकांनी मयूरला दारापाशी विचारलं, "बुवाचो आवाज बसलो काय रे? की त्या मशिनान गिळल्यान?"

दार लागलं. अक्षदा कप घेऊन आत गेली आणि मनूलाही तिने आत बोलावलं. बुवा जमिनीवरची चटई गुंडाळत होते.

"बाबा, त्यात पेटी नाही."

"म्हायत आसा."

"कधीपासून?"

"दुकानात. तू पैशे देवूक गेलंस तेवा त्या पोरीक इचारलंय. म्हणाली, नाही आजोबा, मोठ्यात नसते. बरी पोरगी. खरा बोलली."

मयूरला बसायला काहीतरी हवं होतं. पियानोचंच स्टूल जवळ होतं. "मग गावाला का पाठवलीत पेटी? माहीत असताना?"

बुवांनी चटई कोपऱ्यात उभी केली. ती पडली. त्यांनी पुन्हा उभी केली. "तू कधी माझ्याकडे खोटा बोलूक नाय. शाळेतसुद्धा नाय. तेवा माका वाटला, झिल येवढो खोटा बोलता म्हणजे त्याका जागा भारीच व्हयी आसतली."

"मला नुसतं विचारायला जमलं नाही बाबा. तुम्ही हो म्हणाला असता."

"मगे? म्हटलंय नाय मी हो? नुसता तुका ऐकूचा लागला नाय."

मयूर म्हणाला, "आपण नवी पेटी घेऊ."

"ठेवतलंस खंय?"

मयूरने घरभर पाहिलं. भिंत नव्हती, कोपरा नव्हता, पलंगाखाली गाद्या होत्या. मग त्याची नजर कपाटावर गेली. तिथे छतापर्यंत पियानोचा रिकामा खोका होता. आत थर्माकोलचे साचे, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं जसंच्या तसं. वॉरंटी संपेपर्यंत खोका टाकायचा नसतो म्हणून त्यानेच तो दोन शेजाऱ्यांच्या मदतीने वर चढवला होता. बापाच्या पेटीला नसलेली जागा या घरात एका रिकाम्या खोक्याला होती, आणि ती त्याने स्वतः, घाम गाळून करून दिली होती.

तो स्टूलवर चढला आणि त्याने खोका खाली ओढला. तो सरळ उतरेना, तेव्हा त्याने वरच फाडायला सुरुवात केली. थर्माकोल मोडला आणि त्याचे पांढरे दाणे हॉलभर उडाले.

"अरे, वॉरंटी जायत मां त्याची?" बुवा म्हणाले.

"जाऊ दे."

"आणि पेटी थंय वर ठेवलंस तर रोज खाली काढतलो कोण? माझो हात पोचाचो नाय."

"मी काढेन."

"तू लवकर जातंस ना ऑफिसाक?"

मयूर खाली उतरला. "नाही जाणार."

"बघूया," बुवा म्हणाले. त्या शब्दात हो नव्हतं.

बुवांच्या बनियनवर, खांद्यांवर, पांढऱ्या केसांत दाणे चिकटले होते. मयूर ते एकेक काढू लागला. काढलेला दाणा त्याच्या बोटाला चिकटे. बोट झटकलं की तो पुन्हा बनियनवर जाऊन बसे. बुवा हात खाली सोडून स्थिर उभे राहिले, आणि त्याचं आटपेपर्यंत त्यांनी त्याला थांब म्हटलं नाही.