कर्ता नसलेला खुलासा

भालकीतून सोयरिकी जुळवणारी माझी वेबसाइट चालते. त्याआधीची बरीच वर्षं लातूरच्या एका दैनिकात उपसंपादकाच्या टेबलावर गेली.

सीमाभागात एकच गाव तीन भाषांत बोललं जातं आणि इंग्रजी अक्षरांत वाटेल तसं लिहिलं जातं. भालकी, बीदर, जुनं गुलबर्गा, नवं कलबुर्गी, या नावांपुढे ‘विवाह’ जोडून निरनिराळ्या स्पेलिंगांचे वेबसाइटचे पत्ते विकत घेतले गेले. कुठलाही पत्ता टाकला तरी माणूस माझ्याच साइटवर उतरावा, अशी सोय झाली. याला रीडायरेक्ट म्हणतात. त्यामुळे शोधात साइट वर दिसेल, अशी अपेक्षा होती. दिसली नाही. कोऱ्या पत्त्याला वजन नसतं. ज्याच्याकडे इतर साइटी वर्षानुवर्षं बोट दाखवतात, त्यालाच असतं.

असा एक पत्ता मुदत संपून मोकळा झालेला सापडला. मंठाळकडचे एक निवृत्त मराठीचे शिक्षक बौद्ध कुटुंबांसाठी वधूवरांची साइट फुकट चालवत. उदगीर-लातूरपर्यंतची मंडळं आपापल्या पानांवर तिचा दुवा देत. तो पत्ता घेतला गेला, वळवला गेला. थोड्याच दिवसांत ‘बीदर स्थळ’ असं शोधलं की माझी साइट पहिल्या पानावर येऊ लागली. घरी पेढे आले.

मग बीदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यातून फोन आला. जेवणाची सुट्टी असावी. मागे बायकांचा गलका होता.

“गुरुजी हायत का?”

“कोण गुरुजी?”

“अवो, पत्ता तर त्यांचाच टाकलाय मी. बहिणीची माहिती भरायलेय. तर हे पैलंच जात विचारायलंय. भरल्याबिगर पुढं सरकंना. गुरुजी कामून जात विचारायलेत?”

“माहीत नसेल तर ‘इतर’ टाका,” मी म्हणालो.

“माहीत न्हाई असं कोण म्हनलं, अण्णा? आज्यानं सोडलीय ती. विहाराबाहेर चप्पल सोडली तर परत पायात घालत्यात. ही न्हाई घालत.”

मागे कुणीतरी खळखळून हसलं. फोन बंद झाला.

आमचं घर शेतकऱ्यांचं, हिंदू. सोयरिकीत जात विचारणं आमच्याकडे पाणी विचारण्याइतकं साधं. साइटवर पहिली चौकट तीच, तांबडी फुली लावलेली. म्हणजे रिकामी सोडता येत नाही. जुन्या पत्त्यावरून येणारे बहुतेकजण त्या चौकटीपाशी परत फिरत होते. हे माझ्या पडद्यावर रोज दिसत होतं. लोकांना पुढचं बटण सापडत नसावं, असं समजून मी ते मोठं करून घेतलं होतं.

गुरुजींच्या घरी गेलो. डोळ्यांवर हिरवा चष्मा होता. मी कोण आणि काय केलं, ते सांगितलं.

“मी हैदराबादला दवाखान्यात होतो. मुदत कधी संपली, कळलं न्हाई,” ते म्हणाले. “परत आलो तर विहारात लोक विचारायलेत, गुरुजी, तुम्हीबी जात विचारायला लागलाव व्हय? एकजण म्हनला, गुरुजीनं सायट इकली असंल. चाळीस वर्षं सोबत बसलेला माणूस. तवापासून मी तिकडं जाईना झालो.”

पत्ता परत त्यांच्या नावावर करून देतो, म्हणालो. लोकांसाठी तिथे खुलासाही टाकतो. पेपरात चूक झाली की छापतात, तसा. मोबाइलवर तिथेच लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला: “तांत्रिक कारणामुळे या पत्त्यावर काही काळ जात विचारली गेली. गैरसोयीबद्दल दिलगिरी.”

“कुणी विचारली?”

“म्हणजे, साइटवर...”

“सातवीच्या पोराचा मी इथं अर्धा मार्क कापत होतो. कर्ता कुठं हाय?”

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “पाव्हण्याची परीक्षा घ्यायलाव व्हय? च्या तरी पिऊ द्या त्याला.”

“पिऊ दे की. पेपर कोरा ठिवून पिऊ दे.”

चहा आला. मी कप तसाच बाजूला ठेवला. बातमीतून स्वतःला वगळायचं, हे मला शिकवलं गेलं होतं आणि मी ते चांगलं शिकलो होतो. पुन्हा लिहिलं: “हा पत्ता मी गुरुजींना न विचारता घेतला. इथे आलेल्यांना त्यांची जात मी विचारली. गुरुजींनी कधीच विचारली नाही.”

त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. “आता विहारात दाखवता येईल,” म्हणाले. मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, “आन तुमच्या सायटीवर?”

“आमच्या लोकांना जात लागते, गुरुजी.”

“लागते,” ते म्हणाले. तेवढंच.

त्या पत्त्यावर आता फक्त तो खुलासा आहे. माझी साइट पहिल्या पानावरून खाली गेली. जातीची चौकट तिच्यावर अजून आहे, तांबड्या फुलीसकट.

‘आहे’ म्हटलं की कर्ता पुन्हा निसटतो. ती मी ठेवली आहे.