घरचाच माणूस
काजूच्या टरफलांचा तो जळका, तेलकट वास लांज्याच्या रस्त्याला आला की मला आमची शेजारची काकू आठवते. एकोणीसशे ऐंशीनंतरचीच गोष्ट. नवरा गेल्यावर ती काजू फोडायला जायची आणि लेकीला नर्सिंगला पाठवायचं म्हणून मजुरीतून थोडं मागं टाकायची. ते दिराच्या हाती लागू नये, एवढ्यासाठीच तिला बँकेत खातं हवं होतं. मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे वाडीची अर्थमंत्रीच; ऐटीत तिला घेऊन गेले. क्लार्क सभ्य होता. म्हणाला, "ओळख द्यायला आमचा एखादा खातेदार लागेल. तुमच्या वाडीतलं कोण आहे?" वाडीत खातं एकट्या दिराचंच होतं; मी तसं सांगितलं. "मग सोपंच की, घरचाच माणूस! समोर हॉटेलात बसलेत," असं म्हणत त्यानं खिडकीतून हाक मारलीसुद्धा. काकूनं माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तकातलं काहीतरी आठवून बघितलं, आठवलं नाही. दिरानं झोकात सही केली, पैसे भरून होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "वैनी, एवढं साठवलंत नि आमाला पत्ता नाय? पासबुक माझ्याकडं ऱ्हाऊ दे." परतताना मी काकूला समजावलं, की बँकेत पैसे अगदी सुरक्षित असतात. "होय गो बाय," ती म्हणाली, "माझ्यापासून." लेक त्याच वर्षी तिच्याबरोबर काजू फोडायला जाऊ लागली. आता मी बचतगटांतून बायकांना बँकेचे फायदे सांगत फिरते. एखादी हळूच विचारते, "घरी कळणार नाय ना?" तेव्हा मी चहा आला का ते बघायला उठते.