गौराक्काच्या कळा

गौराक्का हसायला लागली की मला धास्ती वाटे. एरवी बाई अबोल. पण महिन्याची अडचण आली, ओटीपोटात पीळ पडू लागला, की गिरणीच्या रीळखात्यात तिच्या थट्टेला ऊत येई. सुताच्या लडी उतरवता उतरवता ती आमच्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीची नक्कल करी. आम्ही बाया हसून पोट धरायचो. ती खरोखरच पोट धरून उभी असे. मला एकदा म्हणाली, "गप ऱ्हायले की बाया इचारत्यात, काय झालं? काय सांगायचं? त्यापरास हसलेलं बरं की."

तिचं माहेर कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचं. चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या आणि मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे तिच्या घरातला शब्दन् शब्द मला ऐकू येई. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. एकदा चुलीपुढं बसलेली असताना ती कण्हत सासूला म्हणाली, "अत्ती, कळा येत्यात ओ." सासू फिस्कारली, "कळा बाळंतिणीला येत्यात. वांझेला कुटल्या आल्यात कळा? पोट दुखतंय म्हन."

पोट दुखतंय! डॉक्टरकडे नेलं तेव्हाही सासूनं हेच सांगितलं. परक्या पुरुषापुढं गौराक्का मान खाली घालून गप्प राहिली. डॉक्टरांनी एरंडेल दिलं. पुढच्या खेपेलाही एरंडेलच. बाईच्या देहातल्या एका जागेचं नाव तोंडातून काढू द्यायचं नाही आणि ती जागा दुखली तर ढोंग म्हणायचं, याला आपण मर्यादा म्हणतो! मी तर याला चोरी म्हणेन. बाईचं दुखणंसुद्धा तिच्याजवळ राहू देत नाहीत.

शेवटी मीच तिला मिशनच्या दवाखान्यात ओढून नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठं दुखतं?" गौराक्कानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग एका दमात म्हणाली, "पोट न्हाय, बाई. त्याच्या खाली. मांड्यांत उतरतंय, कमरंत जातंय. ह्या कळाच हैत."

बाईंनी तपासलं. म्हणाल्या, "हिच्या पिशवीच्या बाहेर दर महिन्याला रक्त साकळतं. वर्षानुवर्षं तिथं दाह होऊन नसा इतक्या हळव्या झाल्यात, की आता अडचण नसतानाही दुखत असेल. मूल होणं कठीण आहे."

"म्हंजी मला खरंच दुखतंय न्हवं?"

"खरंच दुखतंय."

गौराक्का दवाखान्यापासून चाळीपर्यंत रडत आली. मला वाटलं, मूल होणार नाही म्हणून रडतेय. तसं नव्हतं. "खरं हाय म्हनल्या, ऐकलंस न्हवं तू?" हेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

घरी जाऊन तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नसांचं सासूच्या कानात शिरलंच नाही. मुलाचं तेवढं शिरलं. त्याच उन्हाळ्यात नवऱ्यानं दुसरी बायको केली. "आईच्या म्होरं मी काय बोलू?" एवढंच तो गौराक्काला म्हणाला.

ती कायमची मैंदर्गीला निघून गेली, त्याच्या थोडं आधी सवत बाळंत झाली. त्या दिवशी गौराक्कालाही अडचण आली होती. भर दुपारी चाळ धावली. कुणी पाणी तापवलं, कुणी सुईण आणली. सासू उंबऱ्यावर बसून नव्या सुनेला धीर देत होती, "वरड गं लेकरा, मोकळी वरड. लाजू नगंस." आत त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन गौराक्का बसली होती. पत्र्याला कान न लावताही मला दोन आवाज वेगळे ऐकू येत होते.

पोरगं झाल्यावर गौराक्का बाळंतिणीचे कपडे धुवायला नळावर आली.

"अक्का, तू पण?" मी विचारलं.

"व्हय की. तिच्या आवाजात आवाज घालून वरडून घेतलं. कुनाला कळलं न्हाय. लई बरं वाटलं बग."

तिनं लुगडं पिळायला घेतलं, मध्येच थांबून ओणवी झाली, दम धरला.

"पन तिच्या सुटल्या गं," ती म्हणाली, "माझ्या हैतच."