भुऱ्याला एकटं राहता येत नाही

नांदगाव खंडेश्वरहून अकोल्याला निघाले तेव्हा माझा सगळा संसार एका पिकअपमध्ये मावला. गादी, गॅस, कुकर आणि पुस्तकांची दोन पोती. आईने लोणच्याची बरणी माझ्या मांडीवर दिली. मग बाबांनी भुऱ्याला उचलून गादीवर ठेवलं आणि म्हणाले, "एकटी रायशील तू. कुत्रं असू दे जवळ."

भुऱ्या आमच्या अंगणातला, मातकट रंगाचा कुत्रा. जात विचारली तर सांगता येणार नाही असा, आणि आमच्या घराला तेच शोभत होतं. मी एकटी पडू नये म्हणून तो माझ्यासोबत आला. तो एकटा कसा राहील, हे तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं? बाबा शिवणकाम करतात, घरातच. आई मजुरीला गेली तरी मशीन चालूच. त्या घराला कुलूप लागलेलं मी पाहिलेलं नाही, भुऱ्यानेही नाही.

जे गावी राहिले त्यांना वाटतं, आम्ही शहरात सुखात आहोत. जे माझ्यासारखे निघाले त्यांना खोली शोधणं म्हणजे काय ते माहीत आहे. अकोल्यात मी किती दारं वाजवली ते सांगत नाही. आडनाव सांगितलं की खोली 'कालच दिली' असायची. एका घरमालक काकांनी मात्र आडनाव ऐकलं, क्षणभर थांबले आणि किल्ली काढून दिली. त्यामुळे ही खोली माझ्यासाठी नुसती खोली नव्हती. ती गेली तर पुन्हा तीच दारं, तेच आडनाव.

पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून रुजू झाले. पहिल्याच संध्याकाळी परतले तर जिन्यात अख्खी इमारत जमलेली. भुऱ्या दिवसभर रडला होता. भुंकला नव्हता, रडला होता, गळा काढून. दाराची आतली बाजू खरवडून त्याच्या पंजातून रक्त आलेलं, आणि मला पाहून असा नाचत होता की जणू मी मसणातून उठून आले.

मग उपाय सुरू झाले. पशुवैद्यक म्हणाले, हळूहळू सवय लावा. मोबाईलवरच्या बायका म्हणाल्या, खेळण्यात पीनट बटर भरून द्या. त्यांची घरं माझ्या ऑफिसएवढी. मी भाकरीला तूप लावून दिलं, त्याने हुंगलंसुद्धा नाही. चपला घालायच्या, किल्ली वाजवायची, आणि परत पलंगावर बसायचं. जिना उतरायचा, लगेच चढायचा. असं रोज. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी शेवटी विचारलंच, "काय ओ ताई, रोजच काहीतरी विसरता का?" बाबांचा आवाज रेकॉर्ड करून तो लावून गेले, तर भुऱ्याने बाबांना शोधायला गादी फाडली. कापसात बाबा नव्हते.

मी वैतागले होते. कुत्र्यावर, दारावर, आठ तासांच्या नोकरीवर. आणि नेमकं तेव्हाच मला हवं ते मिळालं. काकांची आई खाली अंथरुणाला खिळलेली. त्या आजींच्या सुनेने, म्हणजे काकूंनी, जिन्यात सांगितलं की कुत्रं रडणं चांगलं नसतं, घरातलं माणूस जातं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अक्षरं शिकले ती चळवळीच्या सभांच्या पत्रकांवर. बाबांच्या मशीनपाशी बसून पत्रकांच्या घड्या घालायचं काम माझं. त्या कागदांत जग सरळ होतं: एक अन्याय करणारा, एक सोसणारा, आणि खाली 'आपले विनम्र'. इथे तर अंधश्रद्धा चालत माझ्या दारापर्यंत आली होती. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं, 'कुत्रा रडल्याने माणूस मरत नाही', आणि जिन्यात डकवलं. त्या दिवशी ऑफिसला गेले ती ताठ मानेने. भुऱ्या मागे रडतच होता.

संध्याकाळी काका पत्रकासमोर उभे होते. चष्मा लावून त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं.

"मले मान्य आहे, पोरी," ते म्हणाले. "माणूस मरत नाई. पण झोपतबी नाई. माही माय दुखण्यानं रातभर जागीच; दिवसा डोळा लागे, तोबी सात दिवसांपासून नाई."

काका आडनावावरून बोलले असते तर मी त्यांना उभं चिरलं असतं. ते बरोबर होते, याचाच संताप आला. महिनाअखेरीस कुत्रा किंवा खोली, एवढं सांगून ते शांतपणे खाली गेले.

शनिवारी भुऱ्याला गावी सोडलं. अंगण, मशीन, उघडं दार, सगळं त्याचंच. मी हलकी होऊन परतले. सोमवारी आईचा फोन. तो रस्त्याकडे तोंड करून बसला होता, खात नव्हता आणि रडत होता.

"आमी दोघं त्याच्या समोर बसून आहो," आई करवादली. "आमी काय दिसून नाई राहिलो त्याले?" मग आवाज उतरवून म्हणाली, "तू गेली तवा आमालेबी असंच झालतं, बाई. आमाले त्याच्यासारखं रडून गाव गोळा करता येत नाई, एवढंच."



त्याच आठवड्यात आई आली, कुत्र्याला घेऊन, त्याच पिकअपने. "मी रायतो इथं," म्हणाली, जणू पाणी भरायला नळावर आली आहे. आता मी ऑफिसला निघते तेव्हा भुऱ्या डोळासुद्धा उघडत नाही. काकांची आई झोपते. आई दुपारी तिच्याजवळ जाऊन बसते, दोघी मिळून सुनेला नावं ठेवतात. खोली टिकली, कुत्रा टिकला. मंडळी अभिनंदन करतात.

फक्त गावाकडे बाबा आहेत. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं की माणसं तीन, कुत्रा एक आणि दारं दोन, त्यामुळे कुणीतरी एका दाराआड एकटं राहणार. आम्ही ते फक्त एकमेकांकडे सरकवतो. बाबा दिवसातून तीनदा फोन करतात. भुऱ्या जेवला का विचारतात, मी त्यांना तेच विचारायच्या आत फोन ठेवतात.